‘अकबर’ आणि ‘ज्यायान्’ : दख्खनच्या भूमीवरील एक चिंतन

आदिलाबादच्या न्यायालयात ज्याला नित्य जावे लागते, त्याच्या जिभेवर एक अरबी धातू दिवसातून अनेक वेळा येत असतो, आणि बहुधा त्याला त्याची जाणीव नसते. ‘अद्ल’ म्हणजे न्याय. जेथे न्याय मिळावा ती ‘अदालत’, आणि जो न्यायाने वागतो तो ‘आदिल’. आमच्या गावाचे नाव विजापूरच्या आदिलशाहीवरून पडले, असे मानले जाते. जुन्या गॅझेटियरांत ते ‘एदलाबाद’ असे आढळते, आणि ज्यांनी मराठी बखरी वाचल्या आहेत त्यांना ‘एदलशहा’ हे रूप अपरिचित नाही. या शब्दाची कथा एवढ्यावर संपत नाही. इस्लामी परंपरेत ईश्वराची जी नव्व्याण्णव नावे सांगितली जातात, त्यांत ‘अल्-अद्ल’ हे एक नाव आहे. ईश्वराचा एक गुण राजाने आपल्या नावाला जोडला, राजाचे नाव गावाला मिळाले, आणि १६८६ साली ती राजसत्ता लयास गेल्यावरही गाव मात्र ते नाव धारण करून राहिले.

ईश्वराचे विशेषण मनुष्याने स्वतःस लावून घ्यावे, हा मान आहे की अपराध? ते विशेषण त्याला नम्र करते की उन्मत्त? वकिलाच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, कारण अधिकार कोणाचा, कोठवर आणि कोणाच्या वतीने, हे ठरविण्यातच त्याचे आयुष्य जाते. परंतु मला हा प्रश्न पडला तो न्यायालयात नव्हे. तो मला घरात पडला.

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आमच्या या मुलखात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा कानांवर पडतात. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा कारभार १८८४ पर्यंत फारसीत आणि पुढे उर्दूत चाले. माझे आजोबा त्याच काळात वकिली शिकले. देवघरात बसून ते संध्या करीत, आणि ओसरीवर येऊन उर्दूत फिर्याद लिहीत. त्यांच्या पेटीतील कागदांच्या माथ्यावर कोठे ‘श्री’ असे, तर कोठे अरबी लिपीत ईश्वराचे नाव. दोन्ही कागद ते सारख्याच आदराने हाताळीत. कागदाला पाय लागला, तर तो कोणत्या लिपीतला आहे हे न पाहता ते नमस्कार करीत.

आजीचे तसे नव्हते. पहाटे मशिदीतून अजान ऐकू आली की ती क्षणभर स्तब्ध होई. त्या अजानीतील पहिलेच शब्द, ‘अल्लाहु अकबर’, तिने १९४८ च्या उन्हाळ्यात रस्त्यावरून शस्त्रे घेऊन जाणाऱ्या जथ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्या रात्री घरातील सर्व बायका-मुले माजघरात कोंडून घेऊन बसली होती. पुढे पन्नास वर्षे ती जगली. शेजारच्या मुसलमान कुटुंबाशी तिचे जाणेयेणे होते, त्यांच्या मुलींच्या लग्नांत ती ओटी भरण्यास जाई. परंतु ते दोन शब्द कानी पडले की तिचा हात दाराच्या कडीकडे जाई. मी तिला एकदा विचारले, “आजी, त्या शब्दांचा अर्थ काय गं?” ती म्हणाली, “मला काय ठाऊक बाबा! दार लावावं, एवढंच ठाऊक.”

ज्या शब्दांचा अर्थ आपणांस ठाऊक नाही, त्यांचे भय मात्र ठाऊक आहे, अशी स्थिती आपल्यापैकी अनेकांची आहे. ते भय निराधार नव्हते, हे मी प्रथमच नमूद करतो. तथापि भय हा एका पक्षाचा पुरावा झाला. शब्दाचा अर्थ हाही पुरावाच आहे, आणि तो वाचल्यावाचून निकाल देणे योग्य नव्हे.

आता त्या शब्दांकडे वळू. ‘कबीर’ म्हणजे मोठा. हे ईश्वराच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक आहे, आणि काशीच्या त्या थोर विणकराचे नावही तेच. ‘अकबर’ हे त्याच धातूचे अधिकतादर्शक रूप असून त्याचा अर्थ ‘अधिक मोठा’ असा होतो. सामान्यतः या घोषणेचे भाषांतर ‘ईश्वर महान आहे’ असे केले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ‘अधिक मोठा’ म्हटले की ‘कशाहून’ हा प्रश्न उभा राहतो. अरबी भाषेत तुलनेचा दुसरा पक्ष सांगण्याची सोय आहे, पण या घोषणेत तो सांगितलेला नाही. वाक्य मुद्दाम उघडे ठेवले आहे. राजाहून म्हणावे तर राजाहून, संकटाहून म्हणावे तर संकटाहून, आकाशाहून म्हणावे तर आकाशाहून. आणि ईश्वराविषयी माझ्या मनात या क्षणी जी कल्पना आहे, तिच्याहूनही तो मोठा. कल्पना कितीही वाढविली तरी ‘अधिक’ हा शब्द तिच्या पुढे एक पाऊल उभाच असतो. अजानीच्या आरंभी हे शब्द चार वेळा येतात, नमाजाचा प्रारंभ याच शब्दांनी होतो, आणि नमाजात उभे राहणे, वाकणे, भूमीला कपाळ टेकणे या अवस्था बदलताना ते पुनःपुन्हा उच्चारले जातात. म्हणजे हे शब्द मुळात मस्तक भूमीला टेकविणाऱ्याचे आहेत.

हे वाचताना देवळाच्या गर्भगृहात वाढलेल्या वाचकास काही ओळखीचे वाटले नाही काय? अभिषेकाच्या वेळी आपले पुरोहित पुरुषसूक्त म्हणतात. हे सर्व विश्व म्हणजे त्या पुरुषाचा महिमा, असे सांगून ऋषी तेथे थांबत नाही. तो त्याहून ‘ज्यायान्’ आहे, असे पुढे म्हणतो. ‘ज्यायान्’ हे संस्कृतातील अधिकतादर्शक रूप आहे. त्याचा अर्थ ‘अधिक मोठा’, म्हणजे शब्दशः ‘अकबर’! त्याच सूक्ताच्या आरंभी पृथ्वीला सर्व बाजूंनी व्यापूनही तो दहा अंगुळे उरला, असे वर्णन आहे. या दहा अंगुळांवर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यांचा साधा अर्थ असा वाटतो की, ईश्वराचे कोणतेही माप पुरे झाले असे वाटले, की ते दहा अंगुळे कमी पडले आहे असे समजावे. कठोपनिषदात आत्म्याला लहानाहून लहान आणि मोठ्याहून मोठा म्हटले आहे. ‘अणीयान्’ आणि ‘महीयान्’ ही तेथील दोन्ही रूपे पुन्हा तुलनेचीच आहेत. अरबस्तानातील वाळवंट आणि सप्तसिंधूंचा प्रदेश यांची भाषा भिन्न, काळ भिन्न, उपासना भिन्न. परंतु ईश्वराच्या थोरवीविषयी बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा दोन्ही ठिकाणी ‘मोठा’ हा शब्द अपुरा वाटला आणि ‘अधिक मोठा’ हा शब्द पुढे आला.

यावरून दोन्ही धर्म एकच आहेत, असा सवंग निष्कर्ष मी काढू इच्छीत नाही. फरक मोठे आहेत, आणि ते झाकणे हा दोन्ही पक्षांचा अपमान आहे. इस्लाम मूर्ती मान्य करीत नाही, अवतार मान्य करीत नाही. कुराणातील ज्या वचनाला ‘आयतुल्-कुर्सी’ म्हणतात, त्यात ईश्वराचे आसन आकाश व पृथ्वी यांना व्यापून आहे, त्यांचा सांभाळ करताना त्याला शीण होत नाही, आणि त्याला डुलकीही येत नाही व निद्राही येत नाही, असा आशय आहे. आता आपल्याकडे पाहा. आपण देवाला पहाटे काकडआरतीने जागे करतो, दुपारी नैवेद्य दाखवितो, रात्री शेजारती करून पडदा ओढतो. आमच्याजवळचे माहूर हे तर दत्तात्रेयाचे निद्रास्थानच मानले जाते. काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि माहुरास निद्रा, असा त्याचा नित्यक्रम भाविक सांगतात. ज्याला झोप येत नाही असा ईश्वर, आणि ज्याला आपण अंगाई म्हणून निजवितो असा देव, या दोहोंत मेळ कसा घालावा?

वकिलाला शोभेल असे उत्तर म्हणजे, ‘दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐका.’ शेजारती करणाऱ्या भक्तालाही ठाऊक असते की, तो निजला तर विश्व क्षणभरही टिकणार नाही. आषाढात निजणाऱ्या विष्णूच्या निद्रेला आपण म्हणूनच योगनिद्रा म्हणतो. अनंताला आपल्या ओंजळीत मावेल असा करून घेणे, ही प्रेमाची रीत आहे. पण तो ओंजळीत मावला म्हणून ओंजळीएवढाच आहे असे समजणे, ही प्रेमाची विकृती आहे. या दुसऱ्या गोष्टीपासून सावध करणारा आवाज शेजारच्या मशिदीतून येत असेल, तर त्याने आपले काही बिघडत नाही.

उलट, त्या थोरवीचा उपासक म्हणजे केवळ दूरच्या ईश्वराचा उपासक, ही आपली समजूतही दुरुस्त करून घेतली पाहिजे. ईश्वर मनुष्याला त्याच्या मानेतील शिरेहूनही जवळ आहे, असे कुराणच सांगते. सूफी साधकांच्या तोंडी असलेल्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा की, जो आकाशात आणि पृथ्वीत मावत नाही, तो श्रद्धावंताच्या हृदयात मावतो. अंगुष्ठमात्र पुरुषाची उपनिषदांतील कल्पना ज्याने वाचली आहे, त्याला हे परके वाटू नये. सूफींनी ईश्वराच्या गुणांचे दोन वर्ग मानले : ‘जलाल’ म्हणजे ज्याने छाती दडपून जाते ते ऐश्वर्य, आणि ‘जमाल’ म्हणजे जे मन ओढून घेते ते सौंदर्य. अर्जुनाने विश्वरूप पाहिले तेव्हा त्याला जलालाचे दर्शन झाले. आणि पूर्वीचे सौम्य रूप पुन्हा दाखव अशी त्याने प्रार्थना केली, ती जमालासाठीच होती.

ईश्वराच्या नव्व्याण्णव नावांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा इमाम गझाली ११११ साली निवर्तला. ईश्वर पूर्णपणे जाणता येत नाही, हे जाणणे हीच त्याला जाणण्याची शेवटची पायरी, या निष्कर्षापर्यंत तो येतो. ‘नेति नेति’ म्हणणाऱ्या याज्ञवल्क्यापासून हे फार दूर नाही. ११६५ साली अंदालुसियात जन्मलेला आणि १२४० साली दमास्कस येथे निवर्तलेला इब्न अरबी तर याहून धीट. जो ईश्वराला केवळ अतीत, केवळ वेगळा म्हणतो, तोही त्याला मर्यादाच घालतो, असे त्याचे म्हणणे. ‘तो येथे नाही’ असे म्हणणे हीसुद्धा एक चौकटच झाली.

हा विचार आपल्या दख्खनमध्ये केवळ ग्रंथांतून आला नाही. तो फकिरांच्या झोळीतून आला, किल्ल्यांच्या पायथ्याशी स्थिरावला, आणि मराठी ओवीत उतरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि त्याच परिसरातले माहूर आमच्या मराठी घरांचे तीर्थ आजही आहे. रेणुकेच्या आणि दत्ताच्या शिखरांच्या त्या परिसरात सोनापीराचा दर्गाही आहे. एका दर्शनाला गेलेला यात्रेकरू दुसरीकडे हात जोडून येतो, आणि त्यात काही विशेष केले असे त्याला वाटत नाही. दत्तसंप्रदायाच्या आठवणींत तर दत्त स्वतःच फकिराच्या रूपात येतो. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या आश्रयास राहिलेल्या एकनाथांना दत्तदर्शन झाले ते मलंगाच्या वेषात, अशी कथा संतचरित्रकारांनी सांगितली आहे. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागणे येथे अप्रस्तुत आहे. ज्या समाजाने ही कथा शतकानुशतके भक्तीने ऐकली, त्या समाजाला आपला देव परक्या वेषात येऊ शकतो हे मान्य होते, एवढा पुरावा पुरे.

एकनाथांचा (१५३३ ते १५९९) ‘हिंदु-तुर्क संवाद’ प्रसिद्धच आहे. त्यात दोघे कडाक्याने भांडतात. तुमचा देव दगडात कोंडलेला, असा एकाचा आक्षेप. तुमचा देव एकाच दिशेस बसलेला, असा दुसऱ्याचा. बारकाईने पाहिले तर दोघांची फिर्याद एकच आहे : तू ईश्वराला लहान केलेस! दोघेही ईश्वराच्या मोठेपणाचे वकील म्हणून उभे राहिले आहेत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याने घातलेली मर्यादा तेवढी दिसते. शेवटी दोघांना आपापली मर्यादा दिसते आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. माझ्या व्यवसायात अशी तडजोड क्वचित पाहावयास मिळते. तेथे बहुधा दोन्ही पक्षकार आपण जिंकलो असे सांगत घरी जातात. येथे मात्र दोन्ही पक्षकार हरतात, आणि फिर्याद ज्याच्या वतीने होती तो एकटा जिंकतो.

एकनाथांनी जो संवाद दोन पात्रांत रंगविला, तो श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी एका देहात जगून दाखविला. चांद बोधले हे त्यांच्या गुरुपरंपरेतील नाव कादरी सूफी परंपरेशी निगडित असून, जनार्दनस्वामींनाही त्याच बोधल्यांशी जोडणारी एक परंपरा आहे. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४५ मध्ये पूर्ण झाला. नावाप्रमाणे तो युद्धाचा ग्रंथ आहे. पण ते युद्ध परधर्मीयांशी नाही. जीवाने स्वतःच्या अहंकाराशी, कामाशी, क्रोधाशी करावयाचा तो संग्राम आहे. सूफी ज्याला श्रेष्ठ झुंज मानतात, तीच ही. जन्माने मुसलमान असून अंतःकरणात गोविंदाला स्थान दिल्याची कबुली ते निःसंकोच देतात. क्षुद्र दैवतांना पशू मारून संतुष्ट करू पाहणाऱ्यांवर ते कोरडे ओढतात, आणि ढोंगी गुरूंनाही सोडीत नाहीत. निर्गुणाची ती करडी जाणीव इस्लामी वारशातून आली की वेदांतातून, याचा निवाडा करणे कठीण आहे. दोन नद्या मिळाल्यावर घागरीतले पाणी कोणत्या नदीचे, असे विचारण्यासारखेच ते आहे. महिपतींनी आपल्या संतचरित्रांत त्यांना स्थान दिले, भाविकांनी त्यांना कबिराचा अवतार मानले. ‘कबीर’ म्हणजे मोठा, हे वर आलेच आहे. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे साहित्य संपादून मराठी वाचकांच्या हाती दिले, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मुसलमान मराठी संतकवी’ या १९६७ च्या पुस्तकाने या सबंध परंपरेकडे लक्ष वेधले. हे दोन्ही उपकार आपण विसरू नयेत.

आता ज्या ‘एदल’ शब्दापासून आपण निघालो, त्याच शब्दाच्या मागोमाग थोडे पश्चिमेस जाऊ. काही काळापूर्वी मी देवदर्शनासाठी गोव्यास गेलो होतो. अंत्रुज महालातील त्या देवळांचा इतिहास या मासिकाच्या वाचकांस मी सांगावा असे नाही. पोर्तुगिजांच्या अमलाखाली साष्टी आणि तिसवाडीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी रात्रीच्या अंधारात देवांना उचलून नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला. केळोशीची शांतादुर्गा त्याच दशकात कवळ्यास आली. मी फोंड्यास उतरलो, तेव्हा गावालगतची साफा मशीद पाहण्यास गेलो. चिऱ्याची ती लहानशी वास्तू आणि तिच्या बाजूचे पायऱ्यांचे तळे पाहून क्षणभर आपण देवळाच्या तळीवरच आलो की काय, असे वाटते. ती मशीद बांधली गेल्याचे सालही १५६० असे सांगितले जाते. नदीच्या पैलतीरी तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीची सत्ता होती. ज्या वर्षी त्या भूमीवर मशीद उभी राहिली, त्याच वर्षी त्याच भूमीवर मंगेशाला आसरा मिळाला.

यावरून आदिलशहाला धर्मात्मा ठरविण्याची घाई मी करणार नाही. पोर्तुगीज हे त्याचे शत्रू होते. शत्रूने पीडलेल्यांना आपल्या हद्दीत येऊ देण्यात राजकारणही असते. राज्यकर्त्यांच्या हेतूंची साक्ष फार जपून घ्यावी लागते. परंतु हेतू कोणताही असो, देवाला उचलून आणणाऱ्या त्या थकलेल्या माणसांना पैलतीरी अजान ऐकू आली असेल, आणि तेथे थांबण्यास त्यांना भय वाटले नाही, एवढे खरे. त्याच घराण्यातील दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) पुढे ‘किताब-ए-नवरस’ या आपल्या संगीतविषयक रचनेत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन करतो. गोदावरीकाठच्या बासरची ज्ञानसरस्वती आमच्या बाजूची. १९५६ पर्यंत ते क्षेत्र नांदेड जिल्ह्यात होते, पुढे आदिलाबादेत आले, आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. तेथे अक्षराभ्यासासाठी मुलांच्या रांगा लागतात, तेव्हा विद्येच्या देवतेपुढे नम्र झालेला विजापूरचा तो सुलतान मला आठवतो.

येथवर आल्यावर आजीच्या बंद दाराकडे परतणे भाग आहे, नाहीतर हे सर्व चिंतन सोयीचे तेवढेच पाहणारे ठरेल.

हैदराबाद संस्थानात १९४८ पूर्वीच्या वर्षांत इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने एक सिद्धांत पसरविला होता. त्याचे घोषवाक्य होते, ‘अनल् मलिक’, म्हणजे ‘मी राज्यकर्ता आहे’. संस्थानातील प्रत्येक मुसलमान राज्यसत्तेचा धनी आहे, असा त्याचा अभिप्राय. रझाकारांचे जथे ज्या मनोवृत्तीतून निघाले, तिचे हे बीज. आता इस्लामी अध्यात्माच्याच न्यायासनापुढे हे वाक्य उभे करून पाहू. ‘अल्-मलिक’, सत्ताधीश, हेही ईश्वराच्या नव्व्याण्णव नावांपैकीच एक. जो ‘अल्लाहु अकबर’ म्हणून मस्तक टेकतो, त्याने उठल्यावर ‘मी मलिक’ म्हणावे, हे ईश्वराच्या थोरवीचे उच्चारण नव्हे, तिचे हरण आहे.

या वाक्याच्या घडणीचे एक वाक्य त्यापूर्वी हजार वर्षे इस्लामी जगात गाजले होते. बगदादमध्ये ९२२ साली मन्सूर हल्लाज या सूफीला देहान्ताची शिक्षा झाली. ‘अनल् हक’, ‘मी सत्य आहे’, हे त्याचे म्हणून प्रसिद्ध असलेले वाक्य. वरवर पाहता दोन्ही वाक्यांत ‘मी’च आहे. परंतु हल्लाजाच्या वाक्यात ‘मी’ विरघळून सत्य तेवढे उरले आहे. ‘अहं ब्रह्मास्मि’ म्हणणाऱ्याचा अहं जसा उरत नाही, तसा. दुसऱ्या वाक्यात मात्र सत्ता विरघळून ‘मी’ तेवढा उरला आहे. त्यासाठी हल्लाजाने स्वतःचे प्राण दिले. यासाठी दुसऱ्यांचे प्राण घेतले गेले. दोन वाक्यांतील खरे-खोटे ओळखण्यास याहून सोपी कसोटी नाही.

आणि ती कसोटी त्या दिवसांतही काहींना ठाऊक होती. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. सत्तेहून सत्य मोठे, असे मानणारा तो मुसलमानच होता. दुसरी बाजूही वकिलाने लपवू नये. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती दिल्यानंतर संस्थानाच्या काही जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पीडित म्हणून नोंदले. नांदेड आमच्या शेजारचे. त्या वेळी माजघरात कोंडून घेऊन बसलेल्या दुसऱ्या आज्या होत्या, आणि त्यांना भय वाटले ते आपल्या देवाच्या जयघोषाचे. ‘हर हर महादेव’ या शब्दांचा अर्थ त्यांनाही कोणी सांगितला नव्हता.

म्हणून या निबंधात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच : ईश्वराच्या मोठेपणाची घोषणा ही मुळात मनुष्याच्या लहानपणाची कबुली आहे. ती स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष आहे. ज्या क्षणी ती शेजाऱ्याविरुद्ध दिली जाते, त्या क्षणी ती खोटी होते. मग ती अरबीत असो की संस्कृतात, मिनारावरून असो की शिखराखालून. साक्षीदार आपल्या लाभासाठी बोलू लागला की कोणतेही न्यायालय त्याची साक्ष संशयाने पाहते. ईश्वराच्या नावाने होणाऱ्या जयघोषांना आपण हाच नियम लावला, तर पुष्कळ गोंधळ मिटेल. ज्याचे मस्तक त्या घोषणेने लवले, त्याची साक्ष खरी. ज्याचे मनगट त्या घोषणेने उगारले गेले, त्याची साक्ष फेटाळावी.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या वर्षश्राद्धाला घरी अभिषेक होता. पहाटेचे पुरुषसूक्त चालू असता मशिदीतून अजान सुरू झाली. गुरुजी क्षणभर थबकले, आजोबांनी हाताने खूण केली, “चालू द्या.” गुरुजींच्या मुखात ‘ज्यायान्’ हा शब्द आला तेव्हा बाहेर ‘अकबर’ हा शब्द घुमत होता, असे मी लिहिले तर ते वाचकांस रचलेले वाटेल, आणि तसे नेमके झाले की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही. परंतु दार उघडे होते, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. पूजा आटोपल्यावर आजोबांनी तीर्थ दिले, आणि नंतर शेजारच्या चाचांकडे प्रसादाची वाटी पाठविली. ती वाटी नेण्याचे काम माझ्याकडे होते.